मराठी किशोरांसाठी भाषांतरित स्वक्षमता-प्रश्नावली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधील मराठी घरांतल्या मुलांवर अभ्यास करणारे मानसशास्त्राचे विद्यार्थी, शाळांतील समुपदेशक आणि काही पालक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आत्मविश्वास, आत्मसन्मान आणि स्वक्षमतेवरील विश्वास हे सगळे एकच नाही का?

एकच नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेल्या कल्पनेनुसार स्वक्षमतेवरील विश्वास म्हणजे एखादे काम विशिष्ट परिस्थितीत आपल्याला पार पाडता येईल की नाही, याविषयीचा माणसाचा स्वतःचा अंदाज. आत्मसन्मानात माणूस स्वतःचे मोल ठरवतो. भूमितीचे प्रमेय आपल्याला सुटणार नाही असे पक्के मानणारा दहावीतला मुलगा स्वतःला कमी लेखत असेलच असे नाही. संध्याकाळी तबल्यावर बसला की तोच मुलगा निराळा असतो. बोलीभाषेतला ‘आत्मविश्वास’ हा शब्द मात्र फार सैल आहे. गणेशोत्सवात मंचावर न अडखळता बोलणाऱ्या मुलालाही आपण तोच शब्द लावतो. म्हणून प्रश्नावलीच्या शीर्षकात तो छापू नये. मुले शीर्षक वाचूनच उत्तरांचा सूर ठरवतात.

२. भाषांतर उत्तम झाले असेल तर पुन्हा तपासणी कशासाठी?

कारण सप्रमाणता हा कागदाचा गुण नाही. एका विशिष्ट गटाने मिळवलेल्या गुणांवरून आपण जो अर्थ काढतो, तो काढण्यास पुरेसा आधार आहे का, असा तो प्रश्न असतो. राल्फ श्वार्झर आणि मथियास येरुसालेम यांच्या सर्वसाधारण स्वक्षमता मापनीचा २५ देशांतील १९,१२० व्यक्तींच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जपानची सरासरी सर्वांत कमी आणि कोस्टारिकाची सर्वांत जास्त होती. या फरकातला किती भाग माणसांच्या विश्वासाचा, किती शब्दांचा आणि किती स्वतःविषयी चारचौघांत बोलण्याच्या रीतीचा, हे नुसत्या सरासऱ्या सांगत नाहीत. पंचवीस देशांत मापनी चालली म्हणून ती इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या नववीच्या मुलीसाठीही चालेल, असे त्यावरून ठरत नाही.

३. कोणती प्रश्नावली निवडावी, आणि परवानगी लागते का?

प्रश्न काय आहे त्यावर निवड ठरते. वर उल्लेखलेली मापनी १९७९ साली जर्मनमध्ये २० विधानांची होती, १९८१ मध्ये ती १० विधानांवर आली. प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण १० ते ४०. ती आयुष्याविषयीचा एकंदर भरवसा मोजते. पेटर म्युरिस यांची २००१ सालची मुलांसाठीची प्रश्नावली २४ विधानांची असून अभ्यास, मित्रमंडळी आणि भावना सांभाळणे या तीन क्षेत्रांसाठी प्रत्येकी आठ विधाने देते. स्वतः बांडुरा यांचा ‘सर्व कामांना एकच मापनी’ या कल्पनेला विरोध होता. अभ्यासाविषयी विचारायचे असेल तर म्युरिस यांच्या प्रश्नावलीकडे वळणे बरे, असे माझेही मत आहे, जरी दहा विधानांचा मोह मला समजतो.

श्वार्झर आणि येरुसालेम यांनी संशोधनासाठी, मूळ स्रोताचा उल्लेख करण्याच्या अटीवर, सर्वसाधारण परवानगी दिलेली आहे. इतर मापन्यांसाठी लेखकाला पत्र लिहावे, आणि भाषांतराला सुरुवात करण्यापूर्वी लिहावे.

४. महाराष्ट्रात तयार झालेले मराठी भाषांतर इंदूरमध्ये का चालणार नाही?

कदाचित चालेलही, पण तसे गृहीत धरता येत नाही. सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची येतात, त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो. आपल्या शहरातली मराठी मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात, आणि देवनागरी वाचायला शिकतात ती हिंदीच्या पुस्तकातून. छापील मराठी शब्द समोर आला की अनेकदा त्यांच्या मनात आधी त्याचा हिंदी अर्थ उमटतो, आणि आपल्या विषयातले नेमके महत्त्वाचे शब्द दोन्ही भाषांत असलेल्या, पण अर्थाने वेगळ्या शब्दांपैकी आहेत.

‘समाधान’ घ्या. मराठीत तृप्ती, हिंदीत तोडगा. ‘माझ्या प्रयत्नांनी मला समाधान मिळते’ हे वाक्य मुलाला अडचण सोडवण्याविषयीचे वाटू शकते. ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. ‘जिद्द’ आपल्याकडे कौतुकाची, तर हिंदीतली ‘ज़िद’ बहुधा हट्टाच्या अर्थाने ऐकू येते, त्यामुळे ‘मी जिद्दीने काम पूर्ण करतो’ या विधानाला सुस्वभावी मूल कमी गुण देऊ शकते. सगळ्यांत फसवी जोडी ‘अभिमान’ आणि ‘गर्व’ यांची आहे. मराठीत अभिमान चांगला आणि गर्व वाईट. हिंदीत गर्व छाती फुगवून सांगण्याचा आणि अभिमान अहंकाराकडे झुकणारा. पुण्यात निर्दोष ठरलेले ‘मला स्वतःचा अभिमान वाटतो’ हे विधान इंदूरच्या रामबागेतल्या मुलाच्या हाती आले, तर त्याची उत्तरे उलट दिशेने सरकण्याचा धोका आहे, आणि तो सरळ वाचनात कोणाच्याही लक्षात येणार नाही.

याशिवाय ‘चिकाटी’, ‘खात्री’, ‘अवघड’ यांसारखे शब्द घरात वापरात असतील तरच मुलाला माहीत असतात. त्यांच्या जागी ‘कठीण’ किंवा ‘मेहनत’ असे दोन्ही भाषांत सारख्याच अर्थाचे शब्द घेतले तर मराठी थोडी कमी ऐटदार होते, पण मोजमाप सुधारते. भाषेच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांची नाराजी मी या मुद्द्यावर अनेकदा पत्करली आहे.

५. ‘शकतो’ लिहावे की ‘शकते’? की तिरकी रेघ देऊन दोन्ही?

इंग्रजी किंवा जर्मन विधानात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे प्रथमपुरुषी क्रियापद लिंग दाखवत नाही. मराठीत ‘मी सोडवू शकतो/शकते’ असे दहा वेळा छापले की वाचन अडखळते, आणि मुलामुलींसाठी वेगळ्या प्रती काढल्या तर त्या दोन प्रती समतुल्य आहेत हेही दाखवावे लागते (प्रश्न १३). सोपा मार्ग म्हणजे ‘मला’ने सुरू होणारी रचना. मात्र तिच्यातही निवड जपून करावी लागते. ‘मला पोहता येते’ मधले येणे शिकलेल्या कौशल्याकडे झुकते. ‘मला जमते’ मध्ये प्रसंग निभावून नेल्याचा भाव आहे, पण ‘उद्या यायला जमेल का?’ मधली सवडही त्यात शिरते.

काळाचाही विचार हवा. ‘जमते’ म्हटले की मूल आतापर्यंतचा अनुभव सांगते, आणि ‘करीन’ म्हटले की संकल्प सोडते. बांडुरा यांनी २००६ साली मापन्या कशा रचाव्यात याविषयी जे मार्गदर्शन लिहिले, त्यात आपण काय करणार आहोत हे न विचारता आपल्याला काय करता येते हे विचारावे, यावर भर आहे. या सगळ्यातून वाट काढताना मी बहुतेक विधानांसाठी ‘ठरवले तर मला … करता येईल’ ही रचना पसंत करतो. ती ऐकायला थोडी पुस्तकी आहे, पण तिच्यात लिंग येत नाही आणि संकल्पही येत नाही.

६. उलट भाषांतर मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळले. मग भाषांतर बरोबर झाले ना?

इतक्यावरून तसे म्हणता येत नाही. मराठीतून पुन्हा इंग्रजीत आणून पडताळण्याची पद्धत रिचर्ड ब्रिसलिन यांच्या १९७० सालच्या लेखापासून रूढ झाली आणि ती उपयोगी आहे, परंतु ती दोन प्रौढ, सुशिक्षित भाषांतरकारांमधला सारखेपणा दाखवते. ‘जिद्द’ या शब्दाचे उलट भाषांतर कोणीही जाणकार व्यक्ती योग्य इंग्रजी शब्दानेच करील, आणि प्रश्न ४ मधली अडचण जशीच्या तशी राहील. शिवाय शब्दाला शब्द ठेवलेले बोजड भाषांतर उलट फिरवल्यावर सर्वांत सुरेख जुळते.

म्हणून दोन भाषांतरकारांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे, त्यांपैकी एकाला विषय माहीत नसावा, दोन्हींचा मेळ घालावा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी उलट भाषांतर करावे आणि मग समितीने सर्व मसुदे एकत्र वाचावेत, असा क्रम बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली सुचवला. समितीत किमान एक व्यक्ती इंदूरमध्येच शाळा शिकलेली असावी, ही माझी पुस्ती.

७. मुलांना विधाने समजली की नाही हे कसे तपासायचे? आम्ही विचारले तर सगळी ‘हो’ म्हणाली.

‘समजले का?’ या प्रश्नाला शाळेच्या वर्गात ‘हो’ हेच उत्तर असते, म्हणून तो विचारू नये. एकेका मुलासोबत बसून त्याला विधान मोठ्याने वाचायला सांगावे, मग ‘हे तुझ्या शब्दांत सांग’, ‘वाचताना कोणता प्रसंग डोळ्यांसमोर आला?’ आणि ‘‘बरेचसे खरे’ का निवडलेस, ‘अगदी खरे’ का नाही?’ असे विचारावे. मूल हिंदीत उत्तर देऊ लागले तर थांबवू नये, कारण त्याने विधान कोणत्या भाषेत वाचले ते तेथेच उघड होते.

आमच्या एका बैठकीत, कोणी विरोध केला तरी मला हवे ते मिळवण्याचा मार्ग सापडतो, अशा आशयाच्या विधानाला नववीतल्या एका मुलीने सर्वांत कमी गुण दिले. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘पप्पांनी नाही म्हटल्यावर पण मागत राहायचं? तसं मी नाही करत.’’ तिच्या मनात विरोध करणारे म्हणजे घरचे मोठे, आणि मार्ग काढणे म्हणजे हट्ट. तिच्या क्षमतेविषयी त्या उत्तरातून काहीच कळले नव्हते. कळले ते तिच्या संस्कारांविषयी.

अशा मुलाखतींसाठी प्रत्येक वयोगटातील आठ-दहा मुले पुरतात, फक्त त्यांत हिंदी माध्यमाची आणि इंग्रजी माध्यमाची दोन्ही असावीत. त्यानंतर ३० ते ४० मुलांवर पूर्वचाचणी घेण्याची शिफारस प्रश्न ६ मधल्या कार्यपद्धतीतच आहे. वेळ किंवा पैसा अपुरा पडत असेल तर पुढच्या संख्याशास्त्रात काटकसर करावी, येथे करू नये.

८. तज्ज्ञांकडून विधाने तपासून घेताना किती जणांची संमती लागते?

सी. एच. लॉश यांच्या १९७५ सालच्या सूत्रात, विधान आवश्यक मानणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांच्या निम्मे वजा करून उरलेल्या संख्येला त्याच निम्म्याने भागतात. दहांपैकी आठ जण ‘आवश्यक’ म्हणाले तर गुणोत्तर ०.६० येते, आणि दहा तज्ज्ञांसाठी त्यांच्या तक्त्यातली किमान मर्यादा ०.६२ आहे, म्हणजे नऊ जण हवेत. तज्ज्ञ पाच-सात असतील तर जवळपास एकमत लागते.

९. किती मुले हवीत? एका कोचिंगमध्ये दोनशे मुले एकदम मिळत आहेत.

‘दर विधानामागे दहा’ हा प्रचलित ठोकताळा किमान मर्यादा म्हणूनच घ्यावा. घटकरचना, म्हणजे कोणती विधाने एका गटात येतात हे, तपासायची तर दोनशेच्या खाली जाऊ नये, आणि प्रश्न ११ मध्ये सांगितल्याप्रमाणे दोन स्वतंत्र नमुने लागणार असतील तर ती संख्या दुप्पट होते.

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगमधली दोनशे मुले मिळवणे सोपे आहे, हे खरे. पण ती आधीच निवडून आलेली, बरीचशी बाहेरगावची आणि एकाच तणावाखाली असलेली मुले असतात. त्यांच्या उत्तरांचा पसारा आक्रसतो, आणि पसारा आक्रसला की सगळे सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचे आकडे) प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात. शिवाय एकाच वर्गातली मुले एकमेकांसारखी असल्यामुळे दोनशे मुलांकडून दोनशे स्वतंत्र मुलांइतकी माहिती मिळत नाही. मराठी घरांतली मुले शहरभर निरनिराळ्या शाळांत विखुरलेली असतात, त्यामुळे शाळांबरोबरच राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा वस्त्यांतून आणि मराठी मंडळांच्या कार्यक्रमांतून मुले गाठावी लागतात. हे काम पायपिटीचे आहे.

१०. क्रोनबाख अल्फा ०.८५ आला. आता प्रश्नावली सप्रमाण झाली असे लिहू का?

लिहू नये. ली क्रोनबाख यांनी १९५१ मध्ये ज्या अल्फाची मांडणी केली, तो विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत एवढेच सांगतो, आणि तेही विधानांच्या संख्येवर फार अवलंबून असते. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३० असेल तर सहा विधानांचा अल्फा ०.७२ येतो आणि दहांचा ०.८१. सरासरी सहसंबंध ०.२० इतका क्षीण असला तरी वीस विधाने एकत्र केली की अल्फा ०.८३ होतो. एकच वाक्य चार प्रकारे लिहूनही तो वाढवता येतो.

दहाही विधानांचा मुलांनी सारखाच चुकीचा अर्थ लावला तरी अल्फा उत्तम येईल. प्रश्न ७ मधल्या मुलीसारख्या सगळ्याच मुली असत्या, तर आपण आज्ञाधारकपणा फार विश्वसनीयपणे मोजला असता. अल्फाबरोबर ओमेगा हा सुसंगतीचाच दुसरा निर्देशांक द्यावा, आणि दोन ते चार आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेऊन स्थैर्यही पाहावे. मध्ये परीक्षेचा निकाल लागणार असेल तर ती तारीख टाळावी.

११. घटक विश्लेषण कोणते करावे, शोधक की पुष्टीकारक?

पुष्टीकारक विश्लेषण आधी ठरलेली रचना उत्तरांशी जुळते का ते तपासते, शोधक विश्लेषण उत्तरांतून रचना शोधते. मूळ मापनीची रचना ठरलेली असेल तर पुष्टीकारक विश्लेषणापासून सुरुवात करावी. ते जुळले नाही तर शोधक विश्लेषण करता येते, पण त्यातून सापडलेली नवी रचना त्याच मुलांच्या उत्तरांवर ‘पुष्ट’ करणे म्हणजे आपणच काढलेल्या पेपरात आपणच पहिले येणे होय; त्यासाठी दुसरा नमुना हवा.

चार पर्यायांची उत्तरे क्रमवार असतात, म्हणून साध्या सहसंबंधांऐवजी क्रमवार उत्तरांसाठीचे पॉलिकोरिक सहसंबंध वापरावेत. रचना उत्तरांशी किती जुळते हे सांगणाऱ्या निर्देशांकांपैकी सीएफआय ०.९५ च्या आसपास किंवा वर, आरएमएसईए ०.०६ च्या आसपास किंवा खाली आणि एसआरएमआर ०.०८ पर्यंत, हे हू आणि बेंटलर यांचे १९९९ सालचे निकष सर्वत्र उद्धृत होतात. ते क्रमवार नसलेल्या उत्तरांवरून ठरवलेले होते, त्यामुळे त्यांना न्यायनिवाड्यासारखे वापरू नये. आर, जेएएसपी आणि जामोवी ही विश्लेषणाची तिन्ही संगणकीय साधने विनामूल्य आहेत.

१२. उलट अर्थाची विधाने वेगळा घटक म्हणून बाहेर पडली. आमचे काही चुकले का?

बहुधा वाक्यरचनेचा परिणाम असतो. ‘मला काहीच जमत नाही’ या विधानापुढे ‘मुळीच खरे नाही’ निवडताना मुलाला दोन नकार पार करावे लागतात, आणि कच्चे वाचन असलेली मुले तेथे चुकतात. मॉरिस रोझेनबर्ग यांच्या १९६५ सालच्या आत्मसन्मान मापनीत दहांपैकी पाच विधाने उलट आहेत आणि अनेक भाषांतरांत हाच अनुभव आला आहे. नकार वाक्यात न ठेवता शब्दात ठेवला, उदाहरणार्थ ‘मी लवकर माघार घेतो’, तर चूक कमी होते, मात्र लिंगाचा प्रश्न परत येतो (प्रश्न ५).

१३. मुलांची सरासरी मुलींपेक्षा जास्त आली. तसे लिहिता येईल का?

मापनी दोघांसाठी सारखी चालते हे आधी दाखवावे लागते. घटकांची रचना सारखी आहे का, विधानांचे भार (प्रत्येक विधानाचे घटकाशी असलेले नाते) सारखे आहेत का, आणि भरवसा समान असताना उत्तरांची पातळीही समान येते का, अशा तीन पायऱ्या क्रमाने तपासतात. सरासऱ्यांची तुलना तिसरी पायरी पार झाल्यावरच योग्य ठरते. पुढच्या पायरीवर सीएफआय ०.०१ पेक्षा जास्त घसरू नये, हा च्युंग आणि रेन्सव्होल्ड यांचा २००२ सालचा निकष वापरात आहे. एखाद-दुसरेच विधान अडत असेल तर ते मोकळे सोडून, म्हणजे दोन गटांत वेगळे राहू देऊन, अंशतः समतुल्यता मांडता येते, आणि ते विधान कोणते हे अहवालात नाव घेऊन सांगावे. हिंदी आणि मराठी प्रतींची तुलना करतानाही हाच क्रम लागू आहे.

१४. परीक्षेतल्या गुणांशी सहसंबंध फक्त ०.३ आला. प्रश्नावली फसली का?

नाही. सर्वसाधारण भरवसा आणि एका परीक्षेचे गुण यांच्यात फार मोठा संबंध असावा अशी अपेक्षाच नाही. शिवाय दोन मोजमापांमधला सहसंबंध त्यांच्या विश्वसनीयतांच्या (मोजमाप किती सुसंगत आणि स्थिर आहे याच्या आकड्यांच्या) गुणाकाराच्या वर्गमुळापेक्षा जास्त होऊ शकत नाही. विश्वसनीयता ०.८१ आणि ०.६४ असतील तर कमाल मर्यादा ०.७२ ठरते. कशाशी किती संबंध अपेक्षित आहे हे माहिती गोळा करण्यापूर्वी लिहून ठेवावे: आत्मसन्मानाशी मध्यम, चिंतेशी उलट दिशेने, आणि चांगले दिसण्याच्या ओढीशी जवळपास शून्य. शेवटचा आकडा मोठा आला तर तो काळजीचा.

१५. एक विधान काढले तर सगळे आकडे सुधारतात. काढू का?

आकड्यांसाठी काढू नये. काढल्यानंतर गुणांची इतरत्र प्रसिद्ध झालेल्या गुणांशी तुलना करता येत नाही. आधी प्रश्न ७ मधल्या मुलाखतींच्या नोंदी पाहाव्यात. बिघाड शब्दात असेल तर शब्द बदलून पुन्हा तपासावे, आणि कल्पनाच येथे निराळी ठरत असेल तर काढून टाकून कारणासह तसे लिहावे.

१६. शाळेने परवानगी दिली आहे. पालकांची वेगळी लागते का?

लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती हवी आणि त्याशिवाय १२ ते १८ वयोगटातील मुलाची स्वतःची लेखी सहमतीही हवी. मुलाने नको म्हटले तर पालकांची सही पुरत नाही. फॉर्म भरताना वर्गशिक्षकांना बाहेर थांबण्याची विनंती करावी, नम्रपणे पण नक्की.

१७. मुलाला मराठी छान बोलता येते, पण वाचताना अडखळते. त्याला वगळावे का?

सरसकट वगळले तर इंग्रजी माध्यमातली बरीच मराठी मुले नमुन्यातून गळतात. विधाने एकसारख्या आवाजात वाचून दाखवावीत आणि मुलाने उत्तर कागदावर स्वतःच नोंदवावे, म्हणजे संकोच येत नाही. वाचून दाखवलेल्या मुलांची नोंद वेगळी ठेवावी आणि त्यांना धरून व सोडून असे दोन्ही प्रकारे विश्लेषण करावे. बोलण्यातही हिंदीच पुढे येत असेल तर हिंदी प्रत द्यावी. मराठी आडनाव हा निकष नव्हे.

१८. माझ्या मुलाला चाळीसपैकी २६ मिळाले, त्याच्या मित्राला २९. काळजी करावी का?

या मापनीत ‘नापास’ ठरवणारी कोणतीही रेषा नाही, आणि इंदूरच्या मराठी मुलांसाठीची प्रमाणके (तुलनेसाठीचे गटाचे गुण) हाती असल्याशिवाय एकट्या मुलाचा आकडा काही सांगत नाही. समजा गटातील गुणांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ५ आहे आणि विश्वसनीयता ०.८४ आहे. मग प्रत्येक गुणामागे मापनातील चूक सुमारे २ गुणांची असते, आणि २६ म्हणजे साधारणपणे २२ ते ३० मधले काहीतरी. मित्राचे २९ त्याच पट्ट्यात बसतात. प्रश्नावली गटाच्या अभ्यासासाठी भरून घेतली असेल तर समुपदेशकांनी पालकांना सुटा आकडा देऊच नये. संमतिपत्रात तसे आधी लिहावे (प्रश्न १६). मूल खरोखर खचलेले दिसत असेल तर प्रश्नावलीची वाट न पाहता त्याच्याशी बोलावे.